फुल मॅरेथॉनचं पाणी: किती, कधी, कशातून

जानेवारीचा तिसरा रविवार, म्हणजे मुंबई मॅरेथॉनचा दिवस, जवळ आला की प्रत्येक रनिंग ग्रुपवर पाण्याचे सल्ले सुरू होतात. "तहान लागली म्हणजे उशीर झाला, त्याआधीच पीत राहा." "पाण्याच्या प्रत्येक स्टेशनवर एक बाटली संपवायचीच." "मी तर अख्खी हाफ मॅरेथॉन थेंबभर पाणी न पिता काढतो." सल्ला देणाऱ्याला तो मानवलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे देतो. पण त्याचं वजन, त्याचा घाम आणि त्याचा वेग तुमच्याकडे नसतो.

हा लेख मुंबईची फुल मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) चार ते सहा तासांत पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे. हाफवाल्यांना यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त त्यांना चुकायला वाव जास्त आहे. माझं मत आधीच सांगतो: मागच्या निम्म्या घोळक्यात धावणाऱ्यांनी पाणी कमी पडण्याची जितकी धास्ती घेतलेली असते, तितकी घेण्याचं कारण नाही. जानेवारीच्या पहाटे पाणी थोडं कमी पडलं तर बहुतेक वेळा वेळ बिघडतो. पाणी फार जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं.

सल्ले इतके उलटसुलट का

लांब पल्ल्याच्या धावण्यात पाण्याबद्दलचं मत दोनदा पूर्ण फिरलं आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावर मॅरेथॉन झाली आणि वाटेत पाण्याची सोय जवळजवळ ठेवलीच नव्हती. ३२ जण निघाले, १४ पोहोचले. जिंकलेल्या थॉमस हिक्सला त्याच्या माणसांनी वाटेत स्ट्रिक्निन (हे खरं तर विष, तेव्हा उत्तेजक म्हणून देत), अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी पाजली होती. पुढेही कित्येक दशकं शर्यतीत पाणी पिणं म्हणजे कमकुवतपणा, असाच समज होता.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने सल्ला दिला की घामातून जाईल तितकं सगळं पाणी भरून काढा, किंवा पोटाला झेपेल तितकं प्या. आज पन्नाशीत असलेल्या बऱ्याच रनरांनी हेच ऐकत धावायला सुरुवात केली. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये सिंथिया लुसेरो ही २८ वर्षांची धावपटू रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या खाली गेल्याने दगावली. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं होतं. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं. कोणाचं? मुख्यतः ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं होतं त्यांचं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले त्यांचं. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जे ठरवलं त्याचं सार साधं होतं: तहानेप्रमाणे प्या. मी पुढे आकडेमोड सांगणार आहे, ती तहानेला पर्याय म्हणून नाही. आपली तहान बरोबर बोलते आहे का, हे ताडून पाहण्यासाठी ती हाताशी असावी.

पायरी १: आपला घाम मोजा

याला लागतो वजनकाटा, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रनला निघण्याआधी लघवी करून, अंगावर शक्यतो काही न ठेवता वजन करा. साधारण तासभर मॅरेथॉनच्या वेगाने धावा. वाटेत किती प्यायलात ते बाटलीवरून मोजा. परत आल्यावर अंग खसाखसा पुसून, पुन्हा कपडे न घालता वजन करा. घामाने भिजलेला टी-शर्ट आणि शॉर्ट्स घालून काट्यावर उभं राहिलात, तर जे मोजायचं तेच कपड्यात अडकून राहतं.

समजा निघताना ६५.० किलो, आल्यावर ६४.३. वाटेत ४०० मिली प्यायलात, लघवीला गेला नाहीत, धावलात ७५ मिनिटं. वजन ७०० ग्रॅमने उतरलं, त्यात ४०० मिळवले की घाम झाला १.१ लिटर. सव्वा तासाने भागलं की तासाला साधारण ८८० मिली.

एकदा मोजून भागत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातला आकडा आणि जानेवारीच्या पहाटेचा आकडा यांत मोठा फरक असतो. मुंबईत दमट हवेमुळे घाम वाळत नाही, नुसता गळतो आणि शरीर थंडही होत नाही, म्हणून आणखी येतो. पुण्यात किंवा नागपुरात थंडीच्या कोरड्या हवेत तो येतो तसाच उडून जातो आणि "आज घामच आला नाही" असं वाटतं. म्हणून पुण्याहून मुंबईला धावायला येणाऱ्यांनी एखादा लाँग रन (सरावातली लांब पल्ल्याची धाव) मुंबईतच, मरीन ड्राइव्हवर किंवा बीकेसीत केला तर उत्तम. ते जमत नसेल तर आपल्या गावच्या आकड्यात थोडी भर धरा.

पायरी २: प्यायचा आकडा

घाम जितका गेला तितका भरायचाच नाही, हे आधी मनात पक्कं करा. शर्यत संपताना वजन २ ते ३ टक्क्यांनी कमी असणं ठीक आहे. त्यातला काही भाग तर जळलेलं इंधन आणि त्याच्यासोबत साठवलेलं पाणी असतं. इथिओपियाचा दिग्गज धावपटू हैले गेब्रसेलासी २००९ मध्ये दुबईची मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याचं वजन जवळजवळ १० टक्क्यांनी उतरलं होतं. हे उदाहरण गिरवायला जाऊ नका, पण दोन टक्के उतरले म्हणजे आभाळ कोसळलं असं होत नाही, एवढं त्यातून घ्या.

मघाचाच ६५ किलोचा रनर घेऊ. तासाला साधारण ९०० मिली घाम, लक्ष्य पावणेपाच तास. एकूण घाम ४.३ लिटरच्या आसपास. त्यातून दोन ते तीन टक्के, म्हणजे १.३ ते १.९ लिटर, सोडून द्या. उरले २.४ ते ३ लिटर. तासाला ५०० ते ६३० मिली. पाण्याची स्टेशनं दर अडीच किलोमीटरवर धरली, तर या वेगाने एक स्टेशन साधारण सतरा मिनिटांनी येतं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी १५० ते १८० मिली. चार-पाच मोठे घोट. बस्स.

आता दुसरा रनर. किलोमीटरला आठ मिनिटं, शेवट ५ तास ३७ मिनिटांनी. अंगकाठी लहान, वेग कमी, त्यामुळे घाम तासाला ६०० मिली. एकूण घाम ३.४ लिटर. कोणीतरी सांगितलंय म्हणून तो दर दोन किलोमीटरला २०० मिलीची अख्खी बाटली संपवतो. एकवीस बाटल्या, ४.२ लिटर. वजन कमी होण्याऐवजी आठशे ग्रॅमने वाढलं! निघण्याआधी गटागट प्यायलेलं लिटरभर पाणी यात धरलेलंच नाही.

एरवी एवढं जास्तीचं पाणी मूत्रपिंडं तासा-दोन तासांत बाहेर काढतात. पण तासन्तास धावताना शरीर पाणी धरून ठेवणारं हार्मोन सोडत असतं, ताण आणि मळमळ असेल तर आणखीच. लघवी होत नाही, पाणी आत साचतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या (रक्ततपासणीत सोडियम मोजायचं एकक) खाली ते गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. पाणी पेशींमध्ये शिरू लागतं आणि कवटीत मेंदूला फुगायला जागा नसते. बोटातली अंगठी किंवा मनगटावरचं घड्याळ घट्ट होणं, पोट डचमळणं, मळमळ, वाढत जाणारी डोकेदुखी, मग बोलण्यात गोंधळ. सुरुवातीच्या खुणा "पाणी कमी पडलं" यासारख्याच वाटतात, म्हणून माणूस आणखी पितो.

इथे हमखास एक प्रश्न येतो: साध्या पाण्याऐवजी इलेक्ट्रोलाइट प्यायलं तर धोका नाही ना? आहे. रक्तात लिटरमागे १४० मिलिमोल सोडियम असतं आणि नेहमीच्या स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये २०च्या आसपास. ते गरजेपेक्षा जास्त प्यायलात तरी रक्त पातळच होणार. मिठाच्या गोळ्यांनीही फारतर थोडा फरक पडतो. मुख्य गोष्ट एकच, पाण्याचं एकूण प्रमाण.

पायरी ३: बाटलीत काय

तासाभरापर्यंतच्या रनला साधं पाणी पुरतं. त्यापुढे साखर आणि मीठ दोन्ही लागतात. साखर इंधन म्हणून, तासाला ३० ते ६० ग्रॅम, आणि मीठ घामातून गेलेल्याची अंशतः भरपाई म्हणून. पेयात साखरेचं प्रमाण ६ ते ८ टक्के असावं. त्याहून गोड झालं की पोटात रेंगाळतं.

घरचं पेय: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर (सपाट पाच टेबलस्पून), पाव टीस्पून मीठ, एका लिंबाचा रस. पाव टीस्पून म्हणजे साधारण दीड ग्रॅम मीठ, त्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. दुकानातल्या बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकच्या तोडीचं हे पेय दहा रुपयांच्या आत होतं. लिंबाऐवजी कोकम आगळ चालतं, पण आगळात मीठ असतंच, तेव्हा वरून घालू नका. ज्यांच्या टोपीवर, कपाळावर वाळल्यावर पांढरे डाग उठतात, त्यांनी मीठ थोडं वाढवायला हरकत नाही.

ओआरएसबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त घोळ तिथेच आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या रुग्णांसाठी मीठ-साखरेचं पाणी मोठ्या प्रमाणावर वापरलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आणि फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. जुलाबावर ते उत्तम आहे. मॅरेथॉनला मीठ भरपूर मिळतं, इंधन मात्र अगदी थोडं. ओआरएस घेणार असाल तर साखर एनर्जी जेलमधून (पाकिटात मिळणारं साखरेचं घट्ट मिश्रण) किंवा खजुरातून वेगळी मिळायला हवी. पुडी ठरलेल्या पाण्यातच पूर्ण विरघळवा, निम्म्या पाण्यात घट्ट करून पिऊ नका. आणि टेट्रापॅकवरची जाहिरात न वाचता मागची बारीक अक्षरं वाचा. या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम त्या मानाने कमी, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. धावून आल्यावर शहाळं प्यावं, चवीचं आहे. शर्यतीतलं एकमेव पेय म्हणून नको. उसाचा रस धावताना फार गोड पडतो. ताक धावण्याआधी नको, नंतर मात्र त्याला तोड नाही.

जेल घेत असाल तर सोबत चार-पाच घोट साधं पाणी. जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक प्यायलं की साखरेवर साखर चढते आणि बत्तिसाव्या किलोमीटरला टॉयलेट शोधावं लागतं.

पायरी ४: पोटाला सराव

पाय सोळा आठवडे तयार करायचे आणि पोटाकडून रेसच्या दिवशी पहिल्यांदा काम करून घ्यायचं, हे चालत नाही. शेवटच्या सहा-आठ लाँग रनमध्ये तेच पेय, त्याच अंतराने, त्याच प्रमाणात घ्या. आयोजक कोणतं पेय देणार आहेत ते आधीच जाहीर होतं. ते बाजारातून आणून एकदा पिऊन बघा. मानवलं नाही तर आपली पूड छोट्या पुड्यांत बांधून न्या.

सोय कशी करायची? आठ-दहा किलोमीटरची फेरी आखा आणि गाडीत, ओळखीच्या टपरीवर किंवा सोसायटीच्या वॉचमनकाकांकडे बाटल्या ठेवा. हातात धरायची २५० मिलीची बाटली दोन रनमध्ये सवयीची होते. कमरेचा पट्टा सैल असला तर प्रत्येक पावलाला उडतो, म्हणून भरलेल्या बाटल्यांसकट पळून बघूनच विकत घ्या.

पावसाळ्यात सातारच्या हिल हाफची तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. यवतेश्वराच्या घाटात हवा थंड, अनेकदा धुकं, चढामुळे वेग कमी. घाम तुमच्या मुंबई-पुण्याच्या आकड्यापेक्षा बराच कमी येऊ शकतो. मैदानातल्या सवयीने प्रत्येक टेबलावर थांबून प्यायचं कारण तिथे नाही.

आदला दिवस आणि पहाट

आदल्या दिवशी लिटरवर लिटर पाणी पिऊन साठा होत नाही, रात्रभर फक्त उठावं लागतं. नेहमीसारखं प्या. रात्रीचं जेवण लवकर आणि जरा खारट, वरणभात, लोणचं, एखादा पापड, म्हणजे प्यायलेलं पाणी अंगात टिकतं. बीअर रविवारी संध्याकाळपर्यंत थांबू शकते.

पुस्तकी सल्ला म्हणतो, सुरुवातीच्या चार तास आधी किलोमागे ५ ते ७ मिली पाणी. फुल पहाटे पाचच्या सुमाराला सुटते, म्हणजे रात्री एकला उठायला हवं. कोणी उठत नाही आणि उठूही नये. झोप जास्त मोलाची. उठल्यावर, तीनच्या आसपास, ३०० ते ४०० मिली घ्या, नेहमीचा चहा किंवा कॉफी घ्या (सवय असलेल्यांना त्याने पाणी कमी पडत नाही), आणि सुरुवातीच्या पाऊण तास आधी पिणं थांबवा. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की झालं. पाण्यासारखी पांढरी व्हायची वाट बघू नका. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली असेल तर रंगावरून काहीच कळणार नाही.

रेसमध्ये

पहिलं स्टेशन बहुतेकांनी सोडलं तरी चालतं. सगळी गर्दी पहिल्या टेबलावर तुटून पडते, तेव्हा चार टेबलं पुढे जाऊन घ्या. पेला असेल तर वरून चिमटा, चोच होते आणि पाणी नाकात जात नाही. दहा-पंधरा पावलं चालत पिण्यात सात-आठ सेकंद जातात, ठसका लागला तर त्याहून कितीतरी जास्त. बाटली दिली तर संपवायची सक्ती नाही. झाकण लावून पुढच्या किलोमीटरभर हातात ठेवा किंवा डब्यात टाका. रस्त्यावर भिरकावलेली अर्धी बाटली मागच्याचा घोटा मुरगाळते.

सी लिंकवर वारा असतो आणि घाम जाणवत नाही, सावलीही नाही. तिथे पोहोचेपर्यंत ठरलेलं प्रमाण चालू ठेवा. पुढे ऊन चढलं की तहान आपोआप वाढेल, तिचं ऐका. पोट डचमळत असेल तर दोन स्टेशनं सोडा, आकडा काहीही सांगो. डोक्यावर पाणी ओतून घ्यायला हरकत नाही, फक्त बूट वाचवा. पेडर रोडला लोक मायेने संत्री, चिक्की, बिस्किटं, मीठ पुढे करतात. संत्र्याची फोड चालेल. बाकीचं, सरावात खाल्लं असेल तरच.

वेदनाशामक गोळ्या नकोत, आधीही नाही आणि वाटेतही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर भार टाकतात आणि पाणी साचण्याचा धोकाही वाढवतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा मधुमेह, हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर या लेखातले मीठ-पाण्याचे आकडे आधी डॉक्टरांना दाखवा.

सोबतचा कोसळला तर

फिनिश ओलांडून लगेच घेरी आली असेल तर बहुधा रक्त पायांत साचलेलं असतं. आडवं करा, पाय उंच धरा, बहुतेक जण काही मिनिटांत सावरतात. शुद्धीत आहे पण भलतंच बोलतोय आणि अंग भट्टीसारखं तापलंय, तर उष्माघात समजा. वैद्यकीय मदत बोलवा आणि ती येईपर्यंत बर्फ, गार पाणी, जे मिळेल त्याने अंग थंड करा. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

अंग गरम नाही, पण मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आहे आणि माणूस वाटेत भरपूर प्यायलाय? तर हायपोनेट्रेमियाची शंका घ्या आणि डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. "सलाईन लावा, ताकद येईल" हा आपल्याकडचा आवडता उपाय इथे घातक ठरू शकतो. नेहमीच्या सलाईनने आणखी पाणी आत जातं. अशा वेळी डॉक्टर ३ टक्क्यांचं तीव्र सलाईन थोड्या प्रमाणात देतात, शक्य असेल तर रक्तातलं सोडियम तपासून. हा निर्णय त्यांचा. तुमचं काम, तो किती प्यायला हे सांगण्याचं.

फिनिशनंतर

मेडल घेतल्यावर पहिल्या तासात दोन लिटर पाणी रिचवू नका. लघवी होईपर्यंत तहानेपुरतंच, आणि सोबत काहीतरी खारं: मीठ-जिरं घातलेलं ताक, पोहे, नंतर पिठलं-भात. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर, पण ते संध्याकाळपर्यंत विभागून. घरी गेल्यावर वजन करा. सकाळच्यापेक्षा जास्त भरलं तर पुढच्या वेळी काय कमी करायचं ते कळलं. चार टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर प्रत्येक स्टेशनला एक-दोन घोट वाढवून पुढच्या लाँग रनला पुन्हा मोजा.

रेसनंतर सहा-आठ तास उलटूनही लघवी झाली नाही, किंवा झाली ती कोलासारखी काळसर, तर स्नायू तुटून मूत्रपिंडांवर आलं असण्याची शक्यता असते. उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि किती धावलात, कोणत्या गोळ्या घेतल्या, अंदाजे किती प्यायलात हे तिन्ही तिथे सांगा.